नमुना एक, माल दुसरा: परदेशी कारखान्याचे कापड पारखून कसे घ्यावे?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बुरख्याचे काळे कापड घ्यायचे असले की आम्ही मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये जात असू. दुकानदार ताका उलगडून समोर टाकी. आम्ही तो उजेडात नेऊन पाहत असू, मुठीत चुरगाळून पाहत असू, मग भाव ठरे. माल वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन टाकता येई. दुकानदार ओळखीचा, त्याचा शब्दही ओळखीचा.

आज भिवंडीचा किंवा मालेगावचा लहान व्यापारीसुद्धा मोबाइलवरून चीनच्या कारखान्याशी थेट बोलतो. मधल्या आयातदाराचा नफा वाचतो हे खरे. पण तो आयातदार जो नफा घेत होता त्यात त्याच्या नजरेची किंमत धरलेली होती. माल पाहणे, मोजणे, खराब असल्यास कारखान्याशी भांडणे, ही सगळी कामे तो करी. थेट खरेदी करणाऱ्याने ही कामेही आपल्याच अंगावर घेतलेली असतात. अनेक बंधू नफ्याचा हिशेब करतात, या कामाचा करीत नाहीत. आम्हीही केला नव्हता.

आमचा धडा

२०१६ साली रमजान जूनमध्ये होता. त्याआधी आम्ही चीनच्या एका कारखान्याकडून वीस हजार मीटर काळे पॉलिएस्टर कापड मागवले. पन्हा ५८ इंच, वजन चौरस मीटरला १५० ग्रॅम. नमुना उत्तम होता. काळा रंग खोल, पोत मऊ, पडही छान. तीस टक्के रक्कम आगाऊ दिली, उरलेली माल जहाजावर चढल्याची कागदपत्रे पाहून दिली. माल न्हावाशेवा बंदरात उतरला, दुकानदारांकडे गेला, बुरखे शिवले गेले.

मग पहिला पाऊस पडला. कोकणातील एका दुकानदाराचा फोन आला की भिजलेल्या बुरख्याने आतल्या पांढऱ्या ओढणीला काळे डाग पडले आहेत. दोन दिवसांत असे सहा फोन आले. शिवाय एका शिलाई करणाऱ्या भगिनीने निरोप धाडला की या वेळचे कापड उन्हात धरले तर पलीकडचे दिसते. आम्ही वजन करून पाहिले तर १५० ऐवजी १३८ ग्रॅम भरले. पडद्यासाठी घेतलेले कापड पडदाच राखीत नव्हते.

कारखान्याला लिहिले. उत्तर आले की पुढच्या ऑर्डरमध्ये सूट देऊ. पुढची ऑर्डर द्यायची कोणाला होती! परदेशात जाऊन दावा लावण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. तेव्हा समजले की शेवटचा पैसा हातातून सुटेपर्यंतच खरेदीदाराचे ऐकले जाते. जे पाहायचे ते त्याआधीच पाहिले पाहिजे. कसे पाहावे ते पुढे क्रमाने देत आहोत.

समोरचा कारखानदार आहे की दुकानदार?

चीनच्या चेजियांग प्रांतात शाओशिंगजवळ केचाओ नावाचे कापडाचे फार मोठे बाजारपेठ-गाव आहे. तेथे हजारो गाळे आहेत. गाळ्यात बसलेला माणूस स्वतःला कारखानदार म्हणवतो, पण पुष्कळदा तो एकाकडून कोरे कापड घेतो, दुसऱ्याकडे रंगवून घेतो आणि आपल्याला विकतो. हे वाईट नाही, आपल्याकडेही असेच चालते. परंतु माल बिघडला तर विणणारा रंगवणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि रंगवणारा विणणाऱ्याकडे. म्हणून माल कोण विणतो, कोण रंगवतो, हे आधी विचारावे.

व्यवसाय परवान्याची प्रत मागावी. चीनमधील प्रत्येक नोंदलेल्या कंपनीला अठरा अंक-अक्षरांचा एक नोंदणी क्रमांक असतो, आणि ती उत्पादन करते की नुसता व्यापार, हेही परवान्यावर लिहिलेले असते. चिनी वाचता येणाऱ्या एखाद्या दुभाष्याकडून ते वाचून घ्यावे. बँक खाते त्याच कंपनीच्या नावावर असले पाहिजे. मध्येच ‘आमचे खाते बदलले आहे’ असा मेल आला तर फोन करून, ओळखीच्या आवाजाकडून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. या एका मेलने बुडालेले व्यापारी आमच्या ओळखीत आहेत.

नमुना पास करणे म्हणजे काय

नमुना हा बहुधा कारखान्याच्या सर्वांत चांगल्या ताक्यातून कापलेला असतो. त्यावरून एवढेच कळते की हा कारखाना चांगला माल बनवू शकतो. आपल्याला तो तसाच बनवून देईल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून नमुना तीनदा घ्यावा. पहिला पसंतीचा. दुसरा आपल्या ऑर्डरच्या रंगाचा, प्रत्यक्ष रंगाई सुरू होण्यापूर्वीचा. तिसरा तयार झालेल्या मालातून कापलेला, माल भरण्यापूर्वीचा. दुसरा नमुना पास झाला की त्याचे दोन तुकडे करावेत, दोन्हींवर तारीख व सही घालावी, एक आपल्याकडे सीलबंद ठेवावा, एक कारखान्याकडे. पुढे तंटा झाला तर हाच तुकडा साक्षीदार.

नमुना ट्यूबलाइटखाली पास करू नये. दोन काळे कापड ट्यूबखाली सारखे दिसतात आणि उन्हात एकात लाल झाक निघते, दुसऱ्यात हिरवी. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीत, थेट ऊन येणार नाही अशा ठिकाणी नमुने शेजारी शेजारी ठेवावेत. रात्री दुकानातल्या दिव्याखालीही एकदा पाहावे, कारण गिऱ्हाईक तेथेच पाहणार आहे.

घरच्या घरी करण्याच्या चाचण्या

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सोनाराकडे असतो तसा लहान काटा, फूटपट्टी, कात्री, पांढरे सुती कापड आणि इस्त्री पुरे.

वजन: दहा सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद असा चौकोन कापावा. त्याचे जे ग्रॅम भरतील त्याला शंभराने गुणावे. ते चौरस मीटरचे वजन. दीड ग्रॅम म्हणजे १५०. एकच तुकडा घेऊ नये. पन्ह्याच्या डावीकडून, मधून आणि उजवीकडून असे पाच तुकडे घेऊन सरासरी काढावी. मग तो तुकडा गरम साबणाच्या पाण्यात धुऊन, पुरता वाळवून पुन्हा तोलावा. बरेच वजन घटले तर समजावे की खळ किंवा फिनिशचा मसाला चढवून कापड जड केले होते. सुती मालात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रमाणित हवेत सूत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती कापड पावसाळ्यात मुंबईला जड भरेल आणि उन्हाळ्यात मालेगावला हलके.

धागा: धागा ओढून जाळावा. सूत कागदासारखे जळते व मऊ राख सोडते. व्हिस्कोजही तसेच जळते, म्हणून या दोहोंत जाळून फरक कळणार नाही. रेशीम व लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी राहतो. मिश्रण किती टक्के आहे हे मात्र जाळून कळत नाही; त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

रंग: पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून दहा वेळा जोराने घासावा. मग दुसरा तुकडा ओला करून पुन्हा दहा वेळा. त्यानंतर काळ्या कापडावर पांढरा तुकडा ठेवून पॉलिएस्टरच्या खुणेवर तापवलेली इस्त्री पंधरा सेकंद दाबावी. पांढऱ्यावर काय उतरले ते पाहावे.

येथे काळ्या पॉलिएस्टरचे मर्म सांगतो, कारण आमचा माल याच जागी फसला. पॉलिएस्टर बंद यंत्रात, दाबाखाली, सुमारे १३० अंश तापमानात रंगवतात. गडद रंगात सगळा रंग धाग्याच्या आत जात नाही. काही वर चिकटून राहतो. तो काढण्यासाठी कॉस्टिक सोडा व हायड्रोसल्फाइटच्या गरम द्रावणात कापड पुन्हा धुवावे लागते. यात वेळ, पाणी, वाफ आणि पैसा जातो. कारखान्याला भाव कापायचा असला की ही धुलाई कमी होते किंवा गाळली जाते. कापड दिसायला तसेच असते, उलट जरा जास्तच काळे दिसते. दुसरे असे की चांगले धुतलेले कापडही मऊपणाचा मसाला लावून जास्त तापवले तर आतला रंग हळूहळू पृष्ठभागावर येतो. म्हणून चाचणी रंगाईनंतरच्या नव्हे, शेवटच्या फिनिशनंतरच्या कापडावर करावी.

आटणे: कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखावा, धुवावे, वाळवावे, पुन्हा मोजावे. एक सेंटिमीटर कमी झाले म्हणजे दोन टक्के आटले. उभे व आडवे वेगळे लिहावे.

करारात काय लिहावे

आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले व्यापारी इंग्रजी कागद पाहून बिचकतात आणि ‘भरवशावर’ सही करतात. घाबरण्याचे कारण नाही. आकडे कोणत्याही भाषेत आकडेच असतात. पुढील आकडे कागदावर आले पाहिजेत:

१. धागा व मिश्रणाची टक्केवारी.
२. वजन, आणि किती फरक चालेल. आम्ही पाच टक्के लिहितो.
३. पन्हा, तोही किनार सोडून कापता येईल तेवढा.
४. लांबी मीटरमध्ये की वारात. शंभर वार म्हणजे ९१.४४ मीटर. भाव मीटरचा समजून वाराचा माल घेतला तर साडेआठ टक्के तेथेच गेले.
५. रंगाचा पक्केपणा. याची पट्टी १ ते ५ असते, ५ सर्वांत पक्का. काळ्यासाठी आम्ही कोरड्या घासणीत ४ आणि ओल्या घासणीत ३ ते ४ लिहून घेतो.
६. माल तपासल्यावरच उरलेली रक्कम मिळेल, ही अट.

‘उत्तम दर्जा’, ‘एक नंबर माल’ असे शब्द कागदावर निरुपयोगी आहेत. आपली शरीअतही याबाबत स्पष्ट आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तेथील लोक फळांसाठी वर्षा-दोन वर्षांचे पैसे आगाऊ देत. प्रेषितांनी (स.) हा व्यवहार बंद केला नाही, माप, वजन आणि मुदत निश्चित ठरवून तो करण्याची ताकीद दिली. यालाच सलम म्हणतात. कारखान्याला ऑर्डर देऊन माल बनवून घेणे हे इस्तिस्नाअच्या जवळचे आहे, त्यातही वस्तूचे वर्णन पुरते स्पष्ट लागते. मसल्याचा तपशील आपल्या उलेमांकडून समजून घ्यावा. आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम तर सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. तरीही लिहिण्याचा कंटाळा आपल्यातच अधिक!

माल भरण्यापूर्वी तपासणी

स्वतः जाता आले तर उत्तमच. नाही तर तपासणी करणाऱ्या कंपन्या आहेत. एसजीएस, ब्यूरो व्हेरिटास, इंटरटेक यांची कार्यालये चीनमध्येही आहेत आणि भारतातही. त्यांची फी द्यावी लागते, पण ती कंटेनरच्या किमतीपुढे थोडी असते. अट एकच: कोणते ताके उघडायचे ते तपासणाऱ्याने निवडावे, कारखान्याने काढून ठेवलेले नकोत. साधारणपणे दहा टक्के ताके तपासतात.

कापडासाठी चार गुणांची पद्धत जगभर चालते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, तीन ते सहा इंचांना दोन, सहा ते नऊ इंचांना तीन, त्याहून मोठ्याला चार. एका वारात चारपेक्षा जास्त गुण धरत नाहीत. एकूण गुणांना ३६०० ने गुणावे आणि वारातील लांबी गुणिले इंचातील पन्हा याने भागावे. उत्तर शंभर चौरस वारांमागचे गुण. ते चाळीसपर्यंत असेल तर ताका सहसा पास धरतात. उदाहरणार्थ, शंभर वारांच्या ५८ इंची ताक्यात पन्नास गुण भरले तर उत्तर ३१, पास. पासष्ट भरले तर ४०.३, नापास.

शिवलेले बुरखे किंवा तयार कपडे असतील तर नगावर तपासणी होते. दोन हजार नगांच्या लॉटमधून प्रचलित पद्धतीने १२५ नग काढतात. मोठ्या दोषांसाठी अडीचची मर्यादा ठरली असेल तर सात नग सदोष निघेपर्यंत लॉट पास, आठवा निघाला की नापास. म्हणजे ‘पास’ लॉटमध्येही काही खराब नग असणारच, हे धरूनच आपला भाव ठरवावा.

शेडसाठी प्रत्येक ताक्यातून पट्टी कापून सर्व पट्ट्या शेजारी शेजारी शिवून घ्याव्यात. वेगळी शेड लगेच डोळ्यात भरते. एकाच ताक्याची किनार दुमडून मध्यभागाला लावूनही पाहावे. कडेला फिका आणि मध्ये गडद असे कापड शिलाईत बाही वेगळी आणि पाठ वेगळी दाखवते.

कागदच बोलतो

आता सर्वांत स्वस्त चाचणी सांगतो. माल निघाला की कारखाना पॅकिंग लिस्ट पाठवतो. तिच्यात मीटर असतात आणि निव्वळ वजन असते. ५८ इंच म्हणजे १.४७३ मीटर. वीस हजार मीटरला त्याने गुणले तर सुमारे २९,४६० चौरस मीटर. दीडशे ग्रॅमने माल भरला असता तर निव्वळ वजन सुमारे ४,४२० किलो असायला हवे. आमच्या त्या मालाच्या लिस्टवर ४,०७० होते. साडेतीनशे किलो सूत कापडात नव्हतेच! हा कागद आमच्या हातात माल बंदरात येण्याच्या पंधरा दिवस आधी होता, आणि उरलेले सत्तर टक्के पैसे तेव्हा दिलेले नव्हते. आम्ही मीटर पाहिले, किलो पाहिले नाहीत. पाच मिनिटांचा गुणाकार होता.

बँक मालाची जामीन नाही

पुष्कळांना वाटते की पतपत्रावर, म्हणजे एलसीवर व्यवहार केला की माल चांगलाच येणार. तसे नाही. एलसीचे जे आंतरराष्ट्रीय नियम २००७ पासून लागू आहेत त्यांच्या पाचव्या कलमानुसार बँका फक्त कागदपत्रांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. कागद बिनचूक असतील तर कंटेनरमध्ये चिंध्या असल्या तरी बँक पैसे देते. म्हणून एलसीत मागायच्या कागदांतच आपण नेमलेल्या कंपनीचा तपासणी दाखला घालावा. विम्याचेही तसेच. वाटेत झालेले नुकसान विमा भरून देतो, मुळातच वाईट असलेला माल नाही.

कापड आयातीत घातक अॅझो रंग नसल्याचा चाचणी दाखलाही पाहिला जातो. आयातीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ऑर्डर देण्यापूर्वीच आपल्या क्लिअरिंग एजंटला विचारावे. कापडाची पक्की चाचणी हवी असेल तर मुंबईत प्रभादेवीला वस्त्र समिती आणि घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे.

आणि माल तरीही वाईट निघाला तर

त्या वर्षी आमच्यासमोर दोन रस्ते होते. गोदामात अकरा हजार मीटर पडून होते आणि ईद तोंडावर होती. एका हितचिंतकाने सल्ला दिला की लांबच्या गावी, जेथे आपले नाव कोणी जाणत नाही तेथे काढून टाका. हिशेबाने तो चूक नव्हता. परंतु धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल पाहणाऱ्या आणि ती वर का ठेवली नाही असे त्या विक्रेत्याला विचारणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण उम्मती. ऐब झाकून विकलेल्या मालात नफा असेल, बरकत नाही. कारखान्याने आम्हाला जे केले तेच आम्ही पुढच्याला केले तर तक्रार करण्याचे तोंड कोठे राहिले?

आम्ही सर्व दुकानदारांना पत्रे लिहिली, न विकलेला माल परत घेतला आणि सुरतला पुन्हा धुलाई करून घेतली. रंग बराच थांबला. वजन अर्थातच वाढले नाही. तो माल ‘हलका, अस्तरासाठी’ असा शिक्का मारून, कारण सांगून, कमी भावात विकला. तोटा भरून यायला दोन वर्षे लागली. पण ज्या सहा दुकानदारांनी फोन केले होते, त्यांतील पाच आजही, अल्हम्दुलिल्लाह, आमच्याकडूनच माल घेतात.

बंधूंनो, थेट खरेदी जरूर करावी. त्यात फायदा आहे आणि आपल्या लोकांनी त्यात मागे राहू नये. मात्र पहिली ऑर्डर लहान द्यावी, काटा आणि पांढरा रुमाल जवळ ठेवावा, आणि पॅकिंग लिस्ट आली की शेवटचे पैसे पाठवण्याआधी एक गुणाकार करावा.